एकच सूर

अमेरिकन जाझवादक सन रा यांनी १९७० च्या सुमारास ‘माय ब्रदर द विंड’ ही मुक्त जाझची ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. तीत त्यांनी रॉबर्ट मूग यांचे सिंथेसायझर हे नवे विद्युत्-वाद्य वाजविले. त्यातून एका वेळी एकच सूर निघे. यंत्र तापले की तोही ढळे. दहा बोटांनी स्वरसंघात उभारणाऱ्या पियानोवादकाला केवढी ही अडचण! सन रा यांनी मात्र तो एकटा सूर मार्शल ॲलन यांचा ओबो आणि जॉन गिलमोर यांचे ड्रम यांच्यामध्ये मोकळा सोडला. पहिल्या वेळी मी तबकडी अर्ध्यावरच थांबविली, हे कबूल करतो. दुसऱ्यांदा ऐकताना, सुरावरून सुरावर घसरत जाणारी, आपल्या मींडेसारखी ती ओढ कानी आली. शेजारच्या खोलीतील मंडळींना मात्र तो गिरणीचा भोंगाच वाटला.