मनगटातली नस मोजताना
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘तू नेमकं काय काम करतेस ते सोप्या भाषेत सांग,’ असा संयोजकांचा आदेश आहे. मी सोनोग्राफी करते म्हटलं, की सगळ्यांना पोटातलं बाळच आठवतं. पण मी मनगटंही तपासते.

जरा तळहात वर करा. मनगटाच्या पुढे, तळव्याच्या मुळाशी एक अरुंद बोगदा आहे. खाली आणि बाजूंना हाडं, वर जाड पट्टा. त्यातून बोटं मिटणाऱ्या 9 कंडरा आणि एक नस जाते, मीडियन नर्व्ह. जागा कमी पडली की ही नस चेपते. मग अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, मुंग्या येतात. करंगळी सुटते, कारण तिची नस वेगळ्या वाटेने जाते. त्रास रात्री जास्त. माणूस उठून हात झटकत बसतो.

विजेचे हलके झटके देऊन नसेचा वेग मोजण्याची तपासणी जुनी आणि आजही महत्त्वाची. सोनोग्राफीत मात्र नस प्रत्यक्ष दिसते, आडव्या छेदात मधाच्या पोळ्यासारखी. बोटं हलवायला सांगितली की कंडरा सरसर सरकतात, नस त्यामानाने कमी हलते. ओळख पटते ती अशी. चेपलेली नस बोगद्याच्या तोंडाशी फुगते. तिथे तिच्या कडेने रेघ फिरवायची आणि क्षेत्रफळ घ्यायचं. साधारण 10 चौरस मिलिमीटरच्या पुढे आकडा गेला की संशय बळावतो. म्हणजे आपल्या आलेखाच्या कागदावरचे 10 बारीक चौकोन! भूमितीत माझे किती गुण जायचे ते सरांना आठवत असेलच. नुसत्या आकड्यावर निदान होत नाही. रुग्णाचं म्हणणं आधी ऐकावं लागतं.

तेच मी एकदा ऐकलं नव्हतं. माझी आई शिवणकाम करायची. रात्री उठून हात झटकायची. ‘वात असेल,’ असं सगळे म्हणायचे. पुढे मी डॉक्टर झाले, तरी तिला ‘वयानं होतं गं’ म्हणत राहिले. एके दिवशी तिला ब्लाउजचं बटण लावता येईना. हात हातात घेतला, तर अंगठ्याखालचा उंचवटा सपाट झालेला. शस्त्रक्रियेनंतर मुंग्या थांबल्या, झोप लागू लागली. झिजलेला स्नायू मात्र पूर्ववत झाला नाही. सुई तिने परत धरली नाही.

आपण सगळे आता पन्नाशी ओलांडलेले. मधुमेह, थायरॉइड असलेल्यांना हा त्रास अधिक होतो. वेळेत कळलं तर पुष्कळदा रात्री मनगटाला पट्टा बांधून किंवा एखाद्या इंजेक्शनने भागतं. तेव्हा घरात कुणी रात्री हात झटकत बसलं असेल, तर दिवा लावा आणि विचारा, ‘कुठली बोटं?’