माशाची कातडी कमावताना

मासा साफ केल्यावर त्याची कातडी आपण मांजरापुढे टाकतो. रशिया-चीन सीमेवरच्या आमूर नदीकाठी नानाई बायका त्याच कातडीचे अंगरखे शिवत. जपानमधले ऐनू लोक सामन माशाच्या कातडीचे बूट करत. पाठीवरचा पर तळव्याला तसाच ठेवायचा, म्हणजे बर्फावर पाय घसरत नाही!

कातडी पातळ, पण आतले तंतू एकमेकांना आडवे-तिरपे गेलेले, म्हणून चिवट. घरी कमवायची तर रावस किंवा जिताड्याची घ्या. चिकटलेलं मांस बोथट सुरीनं खरवडा, खवले काढा, साबण घालून थंड पाण्यात धुवा. गरम पाणी अजिबात नको, कातडी आक्रसून चिकट होते.

मग ती कोऱ्या चहाच्या काढ्यात भिजत घाला, काढा पूर्ण गार केलेला. आधी पातळ, मग दर दिवशी थोडा दाट. घाई नडते ती इथेच. सुरुवातीलाच दाट काढा घातला तर वरचा थर पक्का होतो, आत कच्चं राहतं आणि पुढे तेच कुजतं. कडेचा बारीक तुकडा कापून बघा. तपकिरी रंग आरपार पोचला की झालं. चहाऐवजी बाभळीची साल किंवा हिरडाही चालतो. आपल्याकडे गुराढोरांची कातडी त्यावरच कमावत आले आहेत.

शेवटी धुवून अंड्याचा बलक आणि तेल चोळा. सावलीत वाळताना अधूनमधून ओढत, चुरगाळत राहा, नाहीतर पापड होईल. वासाची धास्ती मात्र सोडा. चरबी नीट निघाली असेल, तर पाकीट शिवण्याइतकी ती निर्मळ होते.