पडला की पाडला?

मराठीत एका कान्यानं केवढा फरक पडतो, हे मला व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा फुटबॉलच्या मैदानावर जास्त नीट कळलं. आपल्या संघाचा खेळाडू जमिनीवर आला की प्रेक्षक ओरडतात, ‘पाडला!’ समोरच्या संघाचा आला की तेच प्रेक्षक शांतपणे म्हणतात, ‘पडला.’ आणि तो लवकर उठला नाही, तर आमच्या नागपुरात पुढचं वाक्य ठरलेलं असतं, ‘नाटक करून राहिला बे!’

श्रोतेहो, खेळाडूंबद्दल पुष्कळ बोललं जातं. आज मला या ओरडणाऱ्या माणसांबद्दल बोलायचं आहे. मीही त्यांच्यातलाच.

मी मोमीनपुऱ्यात वाढलो. नागपूरचं नाव काढलं की लोकांना संत्री आठवतात, फार तर क्रिकेटची जामठ्याची खेळपट्टी. पण मोमीनपुरा, मोहननगर आणि तिकडे कामठी, या वस्त्यांमध्ये खेळ म्हटला की आधी फुटबॉल. कामठीला इंग्रजांनी १८२१ मध्ये छावणी वसवली. गोऱ्या पलटणींबरोबर हा खेळ आला, असं जुनी माणसं सांगत. पलटणी गेल्या, चेंडू इथंच राहिला. कामठीचा रब्बानी क्लब, आमचा यंग मुस्लिम, राहुल क्लब, या नावांवरून गल्लीत किती भांडणं झाली त्याचा हिशेब नाही. सोयरिकी मोडल्या नाहीत, एवढंच. विणकर, बिडीकामगार, रेल्वेत नोकरी करणारे, सगळे संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभे. अब्बा मला खांद्यावर घेऊन जायचे. खेळ दिसायच्या आधी मला शिव्या ऐकू आल्या, असं म्हटलं तर खोटं ठरणार नाही. पुढे विजय बारसे सरांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांसाठी ‘स्लम सॉकर’ उभं केलं आणि त्यावरून नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आला, तेव्हा बाहेरच्यांना नवल वाटलं. आम्हाला नवल वाटलं ते बाहेरच्यांना नवल वाटल्याचं.

आता मात्र गल्लीतली पोरं दोन ठिकाणी राहतात. दुपारी आपल्या मैदानावर, रात्री इंग्लंडात. तिकडचा दुपारी तीनचा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला सुरू होतो. शनिवार-रविवार असे गेले की सोमवारी पानठेल्यावर पहिला प्रश्न कोण जिंकलं हा नसतो. कोण लंगडला, हा असतो. आपल्या आजीचा कोणता गुडघा दुखतो हे ज्याला ठाऊक नाही, तो पोरगा लिव्हरपूलच्या बचावपटूच्या गुडघ्यातलं कोणतं लिगामेंट तुटलं आणि त्याला भरून यायला किती महिने लागतील, हे खर्रा घोटता घोटता सांगतो. शिवाय प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये स्वतःचा एक कागदी संघ असतो. खेळाडू तिकडे स्ट्रेचरवर चढतो आणि इकडे आवाज उठतो, ‘अबे, माझा कॅप्टन गेला!’ गेला म्हणजे गुण गेले. त्या माणसाचा पाय गेला की राहिला, हा विषय दुसऱ्या चहाच्या वेळी निघतो.

मी हे रागानं सांगत नाही. प्रेम असल्याशिवाय परक्या माणसाच्या गुडघ्याची इतकी माहिती कोणी ठेवत नाही. पण या प्रेमाला एक डोळा कमी आहे.

१७ ऑक्टोबर २०२० हा शनिवार होता. एव्हर्टनचा गोलरक्षक पिकफर्ड लिव्हरपूलच्या व्हॅन डाइकच्या पायावर आदळला आणि व्हॅन डाइकचा गुडघा निकामी झाला. करोनामुळे मैदानात एकही प्रेक्षक नव्हता. ओरडायला कोणी नाही, म्हणून राग विरला असं झालं नाही. जगभरच्या घरांतून पिकफर्डला समाजमाध्यमांवर धमक्या गेल्या, अगदी जिवाच्या. त्याच्या चौदा वर्षं आधी, १४ ऑक्टोबर २००६ ला, रेडिंगच्या मैदानावर सामना सुरू होऊन मिनिट झालं नव्हतं तोच चेल्सीचा गोलरक्षक पीटर चेक याच्या डोक्यावर समोरच्या खेळाडूचा गुडघा बसला. कवटीला फ्रॅक्चर. त्याच सामन्यात त्याच्या जागी आलेला दुसरा गोलरक्षकही बेशुद्ध पडला आणि शेवटी जॉन टेरी हा बचावपटू हातमोजे घालून गोलमध्ये उभा राहिला. चेक जानेवारी २००७ मध्ये परतला तो डोक्याला मऊ शिरस्त्राण बांधून, आणि निवृत्त होईपर्यंत त्यानं ते काढलं नाही. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं तेव्हा तशीच टोपी आईकडून रेग्झिनची शिवून घेतली होती.

पण मला सारखा आठवतो तो आपल्या देशातला एक रविवार. ५ डिसेंबर २००४. बंगळूरचं कांतीरवा स्टेडियम, फेडरेशन चषकाची अंतिम लढत, गोव्याचा डेम्पो विरुद्ध कोलकात्याचा मोहन बागान. डेम्पोचा क्रिस्तियानो ज्युनियर हा पंचवीस वर्षांचा ब्राझिली. त्याच्या आधीच्या हंगामात तो ईस्ट बंगालकडून खेळला होता आणि त्यांना राष्ट्रीय लीग जिंकून देण्यात त्याचा मोठा वाटा होता. त्या दिवशी त्यानं पहिला गोल केला. उत्तरार्धात दुसरा करताना तो बागानच्या गोलरक्षकावर आदळला. चेंडू जाळ्यात गेला आणि तो खाली गेला. गोल झाला म्हणून ओरडायचं, की माणूस उठत नाही म्हणून गप्प व्हायचं? प्रेक्षकाच्या आयुष्यात याहून अवघड क्षण नसावा. त्याला रुग्णालयात नेलं, पण तो वाचला नाही. डेम्पोनं सामना २-० असा जिंकला, आणि दोन्ही गोल गेलेल्या माणसाचे होते. मैदानावर तातडीच्या उपचारांची सोय पुरेशी नव्हती, अशी टीका तेव्हा पुष्कळ झाली. डेम्पोनं त्याचा १० नंबरचा सदरा कायमचा बाजूला ठेवला आणि त्याच हंगामात राष्ट्रीय लीगही जिंकली.

समोरचा गोलरक्षक होता सुब्रत पाल. त्याला अठरा पूर्ण होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्याच्यावर निलंबनाची कारवाई झाली. लोकांनी त्याला काय काय म्हटलं ते या माध्यमातून सांगता यायचं नाही. त्याच सुब्रत पालनं २०११ च्या आशियाई चषकात, दोहामध्ये, भारताच्या गोलमध्ये उभं राहून दक्षिण कोरियाचे फटके असे अडवले की चार गोल खाऊनही लोक त्याचंच नाव घेत होते. २०१६ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. ‘पाडला’ म्हणणारे आणि टाळ्या वाजवणारे, बरेचसे तेच असणार. सहा वर्षं हा मुलगा गोलच्या त्या आठ यार्डांत काय घेऊन उभा राहिला असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. माझा भाचा गोलकीपर आहे, म्हणूनही असेल.

आणखी एक आठवडा सांगतो. मार्च २०१२. शनिवार, १७ तारीख. लंडनमध्ये टॉटेनहॅम विरुद्ध बोल्टन. बोल्टनचा फॅब्रिस मुआम्बा, वय तेवीस, पहिल्या सत्रातच कोसळला. कोणी धक्का मारला नव्हता, जवळपास कोणी नव्हतं. हृदय थांबलं होतं. प्रेक्षकांत अँड्र्यू डीनर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ बसले होते. टॉटेनहॅमचे चाहते, म्हणजे मुआम्बाच्या विरुद्ध पक्षाचे. ते उठले, रखवालदारांना समजावून मैदानात उतरले आणि रुग्णवाहिकेतूनही बरोबर गेले. स्टेडियममधले दोन्ही बाजूंचे लोक मुआम्बाचं नाव घेत होते. अठ्ठ्याहत्तर मिनिटं हृदय आपलं आपण चाललं नाही. छाती दाबत राहिले, विजेचे झटके देत राहिले, आणि तो पोरगा जगला. फुटबॉल त्याला सोडावं लागलं, ते वेगळं.

चारच दिवसांनी, २१ मार्चला, आपल्या बंगळूरमध्ये जिल्हा लीगचा सामना होता. बंगळूर मार्स संघाचा डी. वेंकटेश मैदानावर कोसळला. तिथे रुग्णवाहिका नव्हती. सोबत्यांनी त्याला ऑटोरिक्षात घातलं आणि रुग्णालयात नेलं. तो गेला.

मुआम्बाची बातमी मोमीनपुऱ्यात सगळ्यांना पाठ होती. वेंकटेशची मी सांगितली तेव्हा ठेल्यावरच्या पोरांना ती पहिल्यांदा कळत होती. कोणत्या क्लबचा, हे त्यांनी विचारलं नाही. ‘ऑटोनं नेलं?’ एवढंच विचारलं. कारण आपल्याकडेही कोणी पडला तर ऑटोनंच नेतील, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं.

आपल्या मैदानांवरचं दृश्य तुम्ही पाहिलं असेल. पोरगा पडतो. शंभर माणसं धावतात. प्रत्येक जण ओरडतो, ‘हवा सोडा, हवा सोडा’, आणि प्रत्येक जण आणखी एक पाऊल पुढे सरकतो. कोणी तोंडावर पाणी मारतं, कोणी कांदा शोधतं, कोणी जोडा हुंगवतं. पाय दुखावला असेल तर दोघे जण काखेत हात घालून उचलतात आणि मोडलेलं हाड आणखी हलवतात. मग हाडवैद्य. आमच्या गल्लीत माझ्याच वयाचा एक राइट विंगर होता, वाऱ्यासारखा. रेल्वेत खेळाडूंच्या जागांसाठी त्याची चाचणी व्हायची होती. त्याच्या आधीच्या सामन्यात गुडघा फिरला. कडेची माणसं ‘नाटक, नाटक’ करत होती, आणि तो बिचारा नाटक नाही हे दाखवायला उठून पुन्हा पळाला. वीस पावलं. त्यानंतर तो सरळ चालला नाही. चाचणी झाली नाही, नोकरी झाली नाही. इंग्लंडमधल्या खेळाडूचा गुडघा गेला तर क्लब शस्त्रक्रिया करतो आणि पगारही चालू राहतो. आमच्याकडे गुडघ्याबरोबर घराचा किराणा जातो.

मध्यंतरी ठेल्यावर अन्वर अली या मुलावरून मोठा वाद झाला. २०१७ ची सतरा वर्षांखालची विश्वचषक स्पर्धा आपल्याकडे झाली, त्यात तो भारताकडून खेळला. २०१९ मध्ये त्याच्या हृदयात दोष निघाला. महासंघानं खेळू नको म्हटलं, तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, पुन्हा मैदानात उतरला आणि २०२२ मध्ये भारताच्या मुख्य संघातही आला. निम्मे म्हणत होते, पोराला मरायला सोडता का? निम्मे म्हणत होते, त्याला दुसरं येतं काय, करील काय? एक म्हातारे विणकर तेवढे गप्प होते. शेवटी म्हणाले, ‘मैदान के बाजू में डॉक्टर बिठाओ ना, फिर झगडो.’ वाद तिथेच संपला.

१२ जून २०२१ ची ती रात्र अनेकांनी दूरदर्शन संचावर पाहिली असेल. कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन कोसळला. सहकारी त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले, तोंडं बाहेर करून, म्हणजे कोणाला तो दिसू नये. मग स्टेडियममध्ये एक गोष्ट घडली. समोरच्या संघाचे, फिनलंडचे प्रेक्षक ओरडायचे, ‘क्रिस्तियन!’ आणि डेन्मार्कचे प्रेक्षक उत्तर द्यायचे, ‘एरिक्सन!’ नावाचा अर्धा भाग त्यांनी घेतला, अर्धा यांनी. मी आयुष्यभर मुशायऱ्यांत आणि कविसंमेलनांत दाद ऐकली आहे, अशी ऐकली नाही. एरिक्सन बचावला. छातीत यंत्र बसवून तो परत खेळला आणि २०२४ च्या युरो स्पर्धेत स्लोव्हेनियाविरुद्ध त्यानं गोलही केला.

त्यानंतर आमच्याकडच्या एका डॉक्टरांना पोरांनी गाठलं. क्लबच्या खोलीत सतरंजी अंथरली आणि माणसाच्या जागी एक लोड ठेवला. डॉक्टरांनी सांगितलं ते मी तुम्हालाही सांगतो. माणूस हाक मारून हलत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर कांदा शोधू नका. एकानं १०८ ला फोन करायचा. दुसऱ्यानं छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून, कोपरं ताठ करून, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. थांबायचं नाही. दमलात तर दुसऱ्याला बसवायचं. पोरांनी पाळीपाळीनं दाबलं. लोडातला कापूस बाहेर आला. ते म्हातारे विणकरही बसले, आणि त्यांचा ताल सगळ्यांत पक्का निघाला. साठ वर्षं मागावर काढली होती त्यांनी.

पुढे वर्गणी झाली. बर्फाचा डबा आला, क्रेप बँडेज आली, एक घडीचं स्ट्रेचर आलं. विजेचा झटका देणारं यंत्र आमच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण ज्या मैदानावर हजार माणसं जमतात आणि पाहुण्यांसाठी शामियाना पडतो, तिथे ते का नसावं, हे स्पर्धा भरवणाऱ्यांना विचारायचं पोरांनी ठरवलं आहे. मी अर्ज लिहून दिला. कवीला मोहल्ल्यात अर्जापुरतं तरी मानतात.

परवा कामठीत सामना आहे. भाचा गोलमध्ये असेल. धाकट्या बहिणीचा सकाळीच फोन आला, ‘भाईजान, आप जा रहे ना?’ मी जाणार आहे. स्ट्रेचर न्यायचं काम या वेळी माझ्याकडे आहे. अजून एकदाही ते लागलं नाही. पावसाळ्याच्या दिवसांत पोरं त्याच्यावर ओल्या जर्सी वाळत घालतात.