पाण्यात दिसत नाही तो चेहरा



झुझान्ना याकाबोश हा विषय जाहीर झाल्यावर एका कार्यकर्त्याने विचारलं, "सर, यात ऐकायचं काय? लोक इन्स्टाग्रामवर बघूनच घेतात." (हशा)

माझं म्हणणं एकच आहे, आणि ते तुमच्या गळी उतरवल्याशिवाय मी घरी जाणार नाही. पोहणं हा चेहरा लपवणारा खेळ आहे. कुस्तीत दातओठ दिसतात, टेनिसमध्ये राग दिसतो. फ्रीस्टाइलमध्ये काय दिसतं? टोपी, कोपर आणि श्वासापुरतं वळलेलं अर्धं तोंड. मग अशा खेळाडूने पाण्याबाहेर चेहरा दाखवला तर आपण नाकं का मुरडायची?

झुझान्ना याकाबोश, हंगेरीची जलतरणपटू. जन्म १९८९, दक्षिण हंगेरीतलं पेच. बटरफ्लाय, मेडली, फ्रीस्टाइल. २००४च्या अथेन्सपासून टोकियोपर्यंत सलग पाच ऑलिम्पिक. फोटो तुम्ही पाहिलेच असतील, पुढच्या रांगेत बरेच चेहरे ओळखीचं हसताहेत.

"पदकं किती?" असा आवाज आला मागून. ऑलिम्पिकचं एकही नाही. झालं समाधान? आता माझंही ऐका. एका प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त दोघेच उतरतात. आणि त्याच पेचमध्ये, त्याच साली, महिन्याभराने कोण जन्मलं? कातिंका होस्सू! रिओची तीन वैयक्तिक सुवर्णं जिंकणारी, मेडलीतली सम्राज्ञी. म्हणजे मेडलीत एक जागा जवळपास गेलेलीच. उरलेल्या जागेसाठी वर्षानुवर्षं पहाटे उठून तलावात उतरायचं, आणि आपण म्हणायचं, दिसायला बरी म्हणून चालली!

आणि पोहणाऱ्यांची पाण्याबाहेरची प्रसिद्धी ही काय आजची गोष्ट? हायोशची गंमत सांगतो, दोनच मिनिटं. अल्फ्रेड हायोश, बुडापेस्टचा. तेरा वर्षांचा असताना वडील डॅन्यूबमध्ये बुडाले, तेव्हा पोरगा पोहायला शिकला. ११ एप्रिल १८९६, पहिलं आधुनिक ऑलिम्पिक, पिरेयसजवळची खाडी, पाणी जेमतेम १३ अंश. तलाव नाही, लेन नाही. होडीतून समुद्रात न्यायचं, उडी मारायची आणि किनाऱ्याकडे सुटायचं. अंगाला चरबीचा जाड थर चोपडलेला. १०० मीटर १ मिनिट २२.२ सेकंदांत, तिथेच पुढे १,२०० मीटरही, दोन्ही सुवर्णं! नंतर त्यानेच सांगून ठेवलंय की जिंकायचं राहिलं बाजूला, जगायचीच धडपड होती. ग्रीसच्या युवराजांनी मेजवानीत विचारलं म्हणे, इतकं छान पोहायला कुठे शिकलात? हा म्हणाला, पाण्यात! (हशा, टाळ्या) परत गेल्यावर स्थापत्यशास्त्राच्या महाविद्यालयातल्या प्राचार्यांनी पदकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, पुढच्या परीक्षेचं विचारलं. तरी पुढे याच माणसाने बुडापेस्टच्या मार्गारेट बेटावर तरणतलाव बांधला, १९३० साली. आज त्या तलावाला त्याचंच नाव आहे. १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्टेडियमच्या आराखड्याला रौप्यपदक मिळालं, तेव्हा...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? आत्ता कुठे मी याकाबोशकडे परत चाललो होतो. बरं, मग होस्सूचा तेव्हाचा पती काठावरून कसा ओरडायचा ते सोडतो, त्यावर वेगळं व्याख्यान लावा. वायस्म्युलर मात्र सोडणार नाही. त्याचा जन्म तेव्हाच्या हंगेरी राज्यातल्या फ्रायडॉर्फचा. शंभर मीटर मिनिटाच्या आत पोहणारा पहिला माणूस, १९२२. ऑलिम्पिकची पाच सुवर्णं. आणि इथे हात वर करा, त्याला पोहताना किती जणांनी पाहिलंय? कुणीच नाही. आणि पडद्यावरचा टारझन म्हणून?

बघा! काका, तुम्ही तर दोन्ही हात वर केलेत. (हशा)

हो, हो, माईक देतो.