मासे सोडले, पुढे काय?



रक्तातील मेद वाढल्याचे कळताच आम्ही उभयतांनी, जन्माचे मत्स्याहारी असूनही, मासे-मटण वर्ज्य केले. शास्त्रीनगरात राहून हे अवघड ते काय, असे वाटले! परंतु ताटातून बांगडा गेला आणि तुपात बुडालेली बाटी व प्याजाची कचोरी आली. वजन उलट वाढलेच. शाकाहार म्हणजे आपोआप पथ्य नव्हे, हे तेव्हा उमगले. आता बाजरीची भाकरी, सांगरीची भाजी आणि मोड आणलेली मोठ, म्हणजे आपली मटकीच, असा बेत असतो. दूध मात्र सोडले नाही. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिज अन्नातून भरवशाने मिळत नाही. दूधही वर्ज्य करणाऱ्यांनी ते वैद्यकीय सल्ल्याने औषधरूपाने घ्यावे.

सोलकढी अजूनही होते. त्या दिवशी जेवताना आम्ही उभयता फारसे बोलत नाही.