पाकीट उलटं करून बघा : बाल्कनीतल्या उन्हाळी भाज्यांचं बी

फेब्रुवारी सुरू झालाय, स्वेटर कपाटात गेलेत, आणि इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरतोय : "ताई, उन्हाळ्यात बाल्कनीत काय लावू?" म्हणून आजचा भाग बियांवर. ज्यांना ट्रेनमध्ये, बसमध्ये ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर.

आधीच सांगते, मी दिवसभर कोड लिहिते. शेतीची पदवी माझ्याकडे नाही. भाड्याचा फ्लॅट, चार फुटांची बाल्कनी आणि काही ग्रो बॅग एवढाच माझा पसारा. त्यामुळे आज जे बोलणार ते तुमच्यासारख्याच जागेत राहणाऱ्यांसाठी आहे.

बियांचं पाकीट हातात आलं की आपण काय बघतो? फोटो. चकचकीत काकडी, हिरवीगार भेंडी. पण फोटो सगळ्याच पाकिटांवर छान असतो. निर्णय घ्यायचा तो मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांवर, आणि त्याच्याही आधी आपल्या बाल्कनीतल्या उन्हावर आणि कॅलेंडरवर. हे तीन जुळले तर मार्चअखेर तुमच्या ताटात घरची भेंडी असेल. नाही जुळले तर मे महिन्यात नुसत्या वेली आणि रिकाम्या कुंड्या. उन्हाळी हंगाम आपल्याकडे छोटा असतो, दुसरी संधी थेट पावसाळ्यातच मिळते.

ऊन मोजा

फळभाज्यांना, म्हणजे भेंडी, काकडी, मिरची, दोडका यांना, रोज साधारण सहा तास थेट ऊन लागतं. तीन-चार तासच मिळत असेल तर लाल माठ, तांदुळजा, पुदिना लावा आणि खुश राहा.

आता एक गंमत, जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दक्षिणेकडे तोंड असलेली बाल्कनी जानेवारीत उन्हाने भरलेली असते, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे खाली झुकलेला असतो. पण तो रोज थोडा थोडा वर सरकतो. मे महिन्यात महाराष्ट्रात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. डोक्यावरच्या सूर्याचं ऊन तुमच्या बाल्कनीत येणार कुठून? वर दुसऱ्याच्या बाल्कनीचा स्लॅब आहे ना! म्हणजे जानेवारीत मोजलेलं ऊन एप्रिल-मेमध्ये असेलच असं नाही. दक्षिणेच्या बाल्कनीत कुंड्या जितक्या कठड्याजवळ, तितकं बरं. पूर्वेच्या बाल्कनीला सकाळचं कोवळं ऊन उन्हाळाभर मिळतं, ती भाज्यांसाठी छान. पश्चिमेला दुपारनंतरचा तडाखा असतो. तिथे भेंडी, गवार, चवळी टिकतात, पण एप्रिलपासून हिरवी शेडनेट लागेल. फोनमध्ये सूर्याचा मार्ग दाखवणारी मोफत ॲप्स असतात, त्यात मेची तारीख टाकून एकदा बघून घ्या.

तारीख उलटी मोजा

आपण रिलीजची तारीख धरून काम मागे मोजत येतो ना, तसंच करायचं. भेंडी आणि काकडीची पहिली तोडणी पेरणीपासून साधारण ४५ ते ५० दिवसांनी येते. दोडका, कारल्याला त्याहून थोडे जास्त दिवस लागतात. १० फेब्रुवारीला भेंडी पेरली तर मार्चच्या शेवटी पहिली तोडणी, आणि पूर्ण एप्रिल हातात. हीच भेंडी एप्रिलमध्ये पेरली तर ऐन फुलोऱ्यात मेचा वणवा.

मग जानेवारीतच का नाही पेरायची? कारण माती गार असते. ही सगळी उबेची पिकं. माती १५-१६ अंशांच्या खाली असेल तर भेंडीचं बी उगवण्याऐवजी कुजतं. २५ ते ३० अंशांच्या आसपास ते आठवडाभरात वर येतं. मुंबई आणि कोकणात थंडी फारशी नसते, तिथल्यांनी जानेवारीतच सुरुवात केली तरी चालतं. पुणे, नाशिककरांनी रात्रीचा गारठा ओसरू द्यावा. विदर्भातल्या मंडळींनी मात्र फेब्रुवारी हातचा जाऊ देऊ नये, कारण ऊन तिथे लवकर आणि कडक येतं.

टोमॅटोबद्दल खूप जण विचारतात. दिवसाचं तापमान ३५ च्या वर गेलं की टोमॅटोची फुलं गळायला लागतात, फळ धरत नाही. मिरची आणि टोमॅटोचं बी टाकून रोप तयार व्हायला महिना-सव्वा महिना जातो. त्यामुळे आत्ता हे हवंच असेल तर नर्सरीतून तयार रोप आणा, आणि टोमॅटोकडून मेमध्ये अपेक्षा ठेवू नका.

आणि ते ऑनलाइन कॉम्बो, '४५ भाज्यांचं बी एकाच पाकिटात'? त्यात फुलकोबी, गाजर, मटार असं थंडीतलं बी भरलेलं असतं. फेब्रुवारीत अर्धं पाकीट तुमच्या कामाचं नाही. त्यापेक्षा तीन-चार भाज्यांची चांगली पाकिटं घ्या.

आता पाकीट उलटं करा

मागे चार गोष्टी शोधा : वाणाचं नाव, उगवणक्षमता, चाचणीची तारीख, वैधता. आपल्याकडे बियाणे कायदा १९६६ चा आहे, आणि लेबलवरची वैधता चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने धरतात. उगवणक्षमतेचे किमान आकडेही ठरलेले आहेत : भेंडी ६५ टक्के, मिरची ६०, काकडी-दोडका-दुधी ६०, टोमॅटो ७०. म्हणजे नियमात बसणाऱ्या भेंडीच्या १० बियांतल्या तीन-चार उगवल्या नाहीत तर तुमचा हात वाईट नाही, आकडाच तसा आहे. म्हणून एका जागी दोन बिया टाकायच्या.

टॅगचा रंगही बोलतो. निळा टॅग म्हणजे प्रमाणित बियाणं, सरकारी प्रमाणीकरण यंत्रणेने तपासलेलं. हिरवट टॅग म्हणजे सत्यतादर्शक, तिथे लेबलवरच्या माहितीची जबाबदारी विकणाऱ्याची. दोन्ही चालतात. पण ज्या पाकिटावर ना वाण, ना तारीख, ते मात्र ठेवून द्या.

घरी जुनं बी पडलंय? टिश्यू पेपर ओला करा, त्यात १० बिया गुंडाळा, झिप पाऊचमध्ये टाकून उबदार जागी आठवडाभर ठेवा. सात उगवल्या तर मस्त. तीनच उगवल्या तर नवीन आणा. पेरण्याआधीचं टेस्टिंगच म्हणा ना.

बियांवर गुलाबी किंवा निळसर रंग दिसला तर तो बुरशीनाशकाचा लेप असू शकतो. हात लावला तर साबणाने धुवा. लहान मुलं, पक्षी आणि स्वयंपाकघर यांपासून ते लांब ठेवा.

संकरित की सरळ वाण?

हा आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. पाकिटावर 'एफ-१' किंवा 'संकरित' लिहिलं असेल तर दोन वेगळ्या पालकांपासून तयार केलेली ती पहिली पिढी असते. झाड जोमदार, उत्पन्न चांगलं. पण त्याच्या फळातलं बी पुढच्या वर्षी पेरलं तर झाडं एकसारखी येत नाहीत, गुण विखुरतात. आपल्या भाषेत, तुम्हाला बिल्ड मिळालं, सोर्स कोड कंपनीकडेच राहिला. सरळ वाणाचं बी मात्र नीट धरलं तर पुढच्या वर्षी तीच भाजी देतं.

संकरित वाईट असं मी म्हणत नाही. वरच्या मजल्यावर, जिथे मधमाशा फारशा येत नाहीत, तिथे परागीभवनाशिवाय फळ धरणारी संकरित काकडी कामाची असते. पण निदान एक भाजी तरी सरळ वाणाची लावा.

नावं लिहून घ्या. भेंडी : परभणी क्रांती. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा जो विषाणू पांढरी माशी पसरवते, त्याला तोंड देणारं वाण म्हणून ते ओळखलं जातं. गवार : पुसा नवबहार. काकडी : हिमांगी, राहुरीच्या विद्यापीठाची पांढरट काकडी. कारली : दापोलीचं कोकण तारा किंवा राहुरीचं हिरकणी. राहुरी, दापोली, अकोला आणि परभणी ही आपली चार कृषी विद्यापीठं. तुमच्या जवळ जे असेल तिथे बियांची चौकशी करा, नाहीतर कृषी सेवा केंद्रात वाणाचं नाव घेऊनच मागा. "भेंडीचं बी द्या" म्हणालात तर दुकानदार जे पुढे असेल तेच देणार.

पेरताना

माती, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट समान भाग. भेंडी, मिरचीला १२ इंच खोलीची कुंडी, दोडका-दुधीला १८ इंचांची, आणि एका कुंडीत एकच वेल.

भेंडीचं बी रात्रभर पाण्यात ठेवा. कारल्याचं कवच टणक, त्याला पूर्ण दिवस द्या. खोली किती? बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट. भेंडीसाठी बोटाच्या पहिल्या पेराएवढी. भेंडी, गवार, काकडी थेट कुंडीतच पेरा, मुळं हललेली त्यांना आवडत नाहीत. दोन्ही बिया उगवल्या तर अशक्त रोप उपटू नका, कात्रीने कापा, म्हणजे शेजाऱ्याची मुळं शाबूत राहतात. माती ओलसर हवी, चिखल नको. आणि रोज उकरून बघायचं नाही हं!

एप्रिलमध्ये मातीवर पालापाचोळा पसरा. रसवंतीवरची चिपाडं चांगली वाळवून टाकली तरी ओल टिकते.

फुलं आली, फळ नाही

हा मेसेज एप्रिलमध्ये येणारच, म्हणून आत्ताच उत्तर. काकडी, दोडका, दुधी, कारलं यांच्यात नर आणि मादी फुलं वेगळी असतात. बहुतेक वेळा आधी नर फुलं येतात आणि गळतात, घाबरू नका. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं. मधमाशी नसेल तर नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच फिरवा. वेळ महत्त्वाची : काकडी आणि कारल्याचं फूल सकाळी उमलतं, दोडका आणि दुधीचं संध्याकाळी. ऑफिसमधून सातला येणाऱ्यांनी दोडका लावावा, दोघांची वेळ जुळते! भेंडी, गवार, चवळी, मिरची यांना ही मदत लागत नाही. दहाव्या मजल्यावर राहत असाल तर यांनाच पहिली पसंती द्या.

एक गंभीर सूचना. घरचा दुधी किंवा काकडी कापल्यावर छोटा तुकडा चाखा. कडू लागला तर सगळं फळ टाकून द्या, रस तर अजिबात करू नका. कडू दुधीच्या रसाने माणसं गंभीर आजारी पडली आहेत, दगावलीही आहेत. 'घरचं आहे, कशाला वाया घालवायचं' हा विचार इथे नको.

एक शेंग ठेवा

अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. बीजमाता म्हणून त्यांना ओळखतात, २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. घरचं गावठी बी जपायचं, वाढवायचं आणि वाटायचं, हे त्यांचं काम. कायदाही या बाजूने आहे : २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकरी आपल्या पिकाचं बी ठेवू शकतो, पुन्हा पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो, फक्त संरक्षित वाण ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

आपण बाल्कनीवाले काय करू शकतो? सुरुवात गवार किंवा चवळीपासून करा, त्यांचं परागीभवन बहुतेक स्वतःच्याच फुलात होतं, त्यामुळे वाण शुद्ध राहतं. काकडी-दुधीचं बी धरणं अवघड, कारण शेजारच्या गच्चीवरचा परागही येऊ शकतो. सगळ्यात निरोगी झाडाला पहिल्या बहरातच रंगीत दोरा बांधा. खाऊन उरलेल्या शेवटच्या शेंगा बियांसाठी ठेवायच्या नाहीत, चांगल्यातल्या चांगल्या ठेवायच्या. त्या झाडावरच वाळू द्या, सावलीत सुकवा, कागदी पाकिटात भरा, वर वाणाचं नाव आणि तारीख लिहा. आज्या राखेत बी ठेवायच्या ते ओल आणि किडीपासून वाचवायला. आपल्याला झाकण घट्ट बसणारी कोरडी बाटली चालेल.

दर वर्षी पाकीट विकत घ्यायला हरकत काहीच नाही. पण बाजारात उद्या ते वाण दिसेनासं झालं, तर तुमच्या बाटलीत ते असेल, आणि मित्राला देता येईल. भाड्याचं घर बदललं तरी ती बाटली बरोबर नेता येते.

तर या रविवारी दोन कामं. बाल्कनीत सकाळी आठपासून दर तासाला एक फोटो काढा, ऊन किती वेळ आणि कुठे पडतं ते कळेल. आणि दुकानात गेलात की पाकीट आधी उलटं करा. उगवलेल्या रोपांचे फोटो पाठवा, न उगवलेल्यांचेही पाठवा, पुढच्या भागात त्यावरच बोलू. तोपर्यंत कुंड्या भरा, पाणी बेताने घाला. भेटूच!