मुरांब्यातलं विष आणि ग्लॅडिस



शिबिरात खूनकथेवर कसलं बोलायचं, असं काहीजणींना वाटलं असेल. पण ज्या कादंबरीत विष खाण्यातून दिलं जातं, तिच्यात तपास करणाऱ्याला आधी विचारावंच लागतं : चहा कुणी केला? ट्रे कुणी नेला? न्याहारी कुणी मांडली? एरवी ज्या कामाची कुणी दखलही घेत नाही, ते अचानक महत्त्वाचं होतं. आणि संशयही लगेच ते काम करणारीवर जातो.

अगाथा ख्रिस्तीची १९५३ सालची ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’ ही अशीच कादंबरी. रेक्स फॉर्टेस्क्यू हा लंडनचा श्रीमंत व्यावसायिक कचेरीत चहा पितो आणि कोसळतो. झालं, चहा करणाऱ्या मुलींवर नजर! मग कळतं की विष टॅक्सीन आहे, यू नावाच्या झाडातलं. ते सावकाश भिनतं, म्हणजे ते सकाळी घरीच दिलं गेलं, मार्मालेडमधून, संत्र्याच्या मुरांब्यातून. पुढे त्याची दुसरी बायको चहातल्या सायनाइडने मरते. आणि त्याच संध्याकाळी घरातली मोलकरीण ग्लॅडिस परसात, कपड्यांच्या दोरीपाशी मेलेली सापडते. गळा आवळलेला, नाकाला कपड्यांचा चिमटा लावलेला.

चहाचा एक ट्रे तिने आत नेला होता, दुसरा हॉलमध्येच राहिला. घरच्यांना वाटलं, पोरगी कामचुकार. ती कुठे गेली, हे बराच वेळ कुणी पाहिलंच नाही. मला पुस्तकातली सगळ्यात भयंकर गोष्ट हीच वाटते, विषापेक्षाही.

मिस मार्पल तिथे येते ती रेक्ससाठी नाही, ग्लॅडिससाठी. ही खेड्यातली, लोकरीचं विणकाम करणारी, अविवाहित म्हातारी. ना पद, ना अधिकार. अनाथालयातल्या मुलींना घरी ठेवून ती घरकाम शिकवते, ग्लॅडिस त्यांतलीच एक. वर्तमानपत्रात बातमी वाचून ती निघते. तिला संताप येतो तो त्या चिमट्याचा. जीव घेतला तो घेतलाच, वर तिची थट्टाही केली!

आता थोडं भांडायचंही आहे. ख्रिस्तीने ग्लॅडिस रंगवली आहे ती कुरूप, मठ्ठ, लग्नासाठी आसुसलेली. आणि मिस मार्पलही शेवटी मालकीणच, दयाळू असली तरी. मालकिणीच्या दयेवर पोट भरत नाही, हे पुण्याच्या मोलकरणींनी १९८० साली संप करून सांगितलं. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा यायला २००८ उजाडलं. मालकाचं घर हेही लैंगिक छळाच्या कायद्यात कामाचं ठिकाण धरलं गेलं, ते २०१३ साली. आपल्यातल्या कितीजणींच्या घरी कामाला बाई येते, आणि तिचं आडनाव आपल्याला ठाऊक आहे का?

ज्या पुरुषाने ग्लॅडिसला प्रेम दाखवलं, त्यानेच ती पूड मुरांब्यात घालायला लावली. याने माणूस खरं बोलतो, असं सांगून. तो त्याच श्रीमंत घरचा मुलगा होता, दुसऱ्याच नावाने तिला भेटलेला. तिने विश्वास ठेवला, आणि काम झाल्यावर तो तिला संपवून मोकळा झाला.

घाबरलेल्या ग्लॅडिसने मरण्याआधी एकाच माणसाला पत्र लिहिलं होतं, मिस मार्पलला. ते चुकून दुसऱ्याच घरी गेल्याने उशिरा हाती पडतं. आत त्या माणसाचा फोटो असतो.